पसरणीचा आवाज, गिरणगावाचे कान



या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी एक शंका विचारली, आणि ती रास्त होती. शाहीर साबळे साताऱ्याकडचे. आपण कोकणातल्या कसालचे. आपल्याकडे दशावतार आहे, डबलबारी आहे, पिंगुळीची चित्रकथी आहे. मग पोवाड्याच्या मुलखातल्या माणसाबद्दल इथं का बोलायचं? त्याचं उत्तर हे सगळं व्याख्यानच आहे, पण त्यातला मुख्य भाग आधीच सांगतो. साबळ्यांचा गळा पसरणीत घडला, अमळनेरला त्याला दिशा मिळाली, पण साबळे 'शाहीर साबळे' झाले ते मुंबईच्या गिरणगावात. आणि त्या गिरणगावातले कान कोणाचे होते? इथल्या तिठ्यावरून बोचकं घेऊन निघालेल्या, मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरलेल्या आपल्या आज्या-आजोबांचे होते. गायक मोठा झाला की आपण त्याच्या गळ्याचं कौतुक करतो, त्याच्या कष्टांचं करतो. त्याला मोठं करणाऱ्या ऐकणाऱ्यांचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. आज मला तो थोडा मांडायचा आहे.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, वाई तालुक्यातल्या पसरणी गावचा. वाईहून पाचगणीला चढणारा जो घाट, त्याला या गावाचंच नाव आहे. घर गरिबीचं. वडील वारकरी, भजन म्हणणारे. आता भजनी घर म्हणजे काय ते कसालमध्ये समजावून सांगण्याची गरज नाही. अशा घरातल्या मुलाला सूर शिकवावा लागत नाही. झांजेच्या ठेक्यात त्याला झोप येते आणि गजराला जाग येते. पण त्या घरांत आणखी एक ठरलेली गोष्ट असते. गाणं देवासाठी. पोटासाठी शेत, नाहीतर नोकरी. गाऊन पोट भरणं म्हणजे तमासगीर होणं, आणि त्या काळी कुणब्या-मराठ्यांच्या घरात तो शब्द शिवीसारखा वापरत. लहानपणी साबळे बासरी शिकले. गुराख्याच्या पोरानं बासरी वाजवली तर घरचे काही बोलत नाहीत. पोरगा गाण्याचा धंदा करीन म्हणाला की घर हादरतं.

पुढचं शिक्षण आजोळी, अमळनेरला. खानदेशातलं हे गाव प्रताप हायस्कूलमुळे आणि साने गुरुजींमुळे महाराष्ट्राला ठाऊक. गुरुजी या शाळेत १९२४ ते १९३० शिक्षक होते, पुढे सत्याग्रहासाठी नोकरी सोडली तरी खानदेशाशी त्यांचं नातं तुटलं नाही. पांडुरंग सदाशिव साने हे मूळ आपल्या कोकणातले, दापोलीजवळच्या पालगडचे. म्हणजे पालगडचा एक माणूस आणि पसरणीचा एक मुलगा, दोघंही आपापलं गाव सोडून तिसऱ्याच मुलखात भेटतात. साबळ्यांची शाळा सातवीच्या आसपास सुटली. पण गुरुजींच्या सहवासात त्यांना एक गोष्ट मिळाली, जी त्यांच्या घरच्या भजनात नव्हती आणि तमाशाच्या फडातही नव्हती. गाणं हे लोकांच्या कामाचं असू शकतं, हा विश्वास. देवाचं गाणं आणि पोटाचं गाणं यांच्यामध्ये तिसरी एक जागा असते, चळवळीच्या गाण्याची, आणि तिथं भजनी घरातला मुलगा ताठ मानेनं उभा राहू शकतो.

हे मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे, कारण पुढच्या सगळ्या यशाचं मूळ इथं आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीनं महाराष्ट्रातल्या गाणाऱ्या मुलांना प्रतिष्ठा दिली. सेवादलाची कलापथकं, साम्यवाद्यांचं लाल बावटा पथक, बार्शीचे अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, त्यांच्या जोडीचे गव्हाणकर, ही सगळी त्याच एका लाटेवरची माणसं. विचार वेगवेगळे, पण डफ तोच. पठ्ठे बापूरावांच्या पिढीला जी प्रतिष्ठा हयातीत मिळाली नाही, ती 'शाहीर' या बिरुदानं या पिढीला दिली. पसरणीच्या भैरवनाथाचं देऊळ दलितांना खुलं करण्यात साबळ्यांनी पुढाकार घेतला आणि त्या प्रसंगी साने गुरुजी आणि सेनापती बापट गावात आले होते. विचार करा, गावच्या देवळात भजन म्हणणाऱ्या माणसाचा मुलगा त्याच गावच्या देवळाचं दार उघडायला सांगतो. यासाठी नुसता गळा पुरत नाही. गावात परत राहायचं असतं, त्याच पारावर बसायचं असतं.

आता मुंबईकडे येतो, म्हणजे आपल्याकडेच येतो.

परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाइल रोड. आपल्यातल्या जुन्या माणसांना हे पत्ते पाठ आहेत. एका गावच्या माणसांची एक खोली, तिला गावकीची खोली म्हणायची. पाळीप्रमाणे काम आणि पाळीप्रमाणे झोप; पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. जेवण खाणावळीत. घरची बाई, मुलं, म्हातारी इथं गावाला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. सगळा मुलूख रत्नागिरीच. आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी गिरण्या भरलेल्या होत्या. खालच्या मजल्यावर घाटी, वरच्या मजल्यावर कोकणी. एका नळावर भांडण आणि एका गणपतीला आरती.

या माणसाला गाणं लागायचं. करमणूक म्हणून तर लागायचंच, पण त्याहून जास्त एका कारणासाठी. गावात असताना माणसाला गावाचं गाणं ऐकायची हौस फारशी नसते. ते वाऱ्यासारखं असतंच. गाव सुटलं की त्याची किंमत कळते. खोलीत पंधरा पुरुष, अंगावर सुताचा कीस, कानात दिवसभराचा साच्यांचा खडखडाट. अशा वेळी चाळीच्या मधल्या जागेत पेट्रोमॅक्स लावून कोणी डफावर थाप दिली की कारल्याच्या वेलासारखा माणूस गॅलरीभर लोंबायचा. चाळीतल्या त्या श्रोत्याला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण खोटं पटकन कळायचं. गोंधळ कसा असतो, वासुदेव कसा येतो, भारुडात बाई झालेला बुवा पदर कसा सावरतो, हे त्यानं स्वतःच्या अंगणात पाहिलेलं होतं. त्याच्यासमोर नकली माल खपत नव्हता. साबळ्यांची परीक्षा या माणसांनी घेतली आणि त्यांना पास करून टाकलं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत ज्याला कंट्री म्हणजे गावाकडचं संगीत म्हणतात, त्याचा मोठा प्रवास १९२७ च्या उन्हाळ्यात सुरू झाला असं मानतात. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी राल्फ पिअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीची ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आला. डोंगरातल्या गाणाऱ्यांना निरोप गेले. त्या काही दिवसांत कार्टर कुटुंब आणि रेल्वेत ब्रेकमनचं काम केलेला जिमी रॉजर्स यांचे आवाज पहिल्यांदा तबकडीवर आले, आणि थोड्याच वर्षांत ते घराघरांत पोचले. पुढं केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिन त्याच वाटेनं आली. या गाण्यांच्या तबकड्या विकत घेणारे कोण होते? डोंगर सोडून कापडगिरण्यांत, खाणींत, कारखान्यांत गेलेले मजूर त्यात फार मोठ्या संख्येनं होते. परळ आणि अमेरिकेतली गिरणीगावं यांच्यामध्ये समुद्र आहेत, पण गावाच्या गाण्याला तारा बनवणारा माणूस दोन्हीकडे तोच, गाव सोडावं लागलेला.

तबकडीचा विषय निघाला म्हणून एक बारकावा सांगतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

पोवाडा हा लांबीचा प्रकार. शाहीर उभा राहिला की तासभर तरी प्रसंग रंगवणार. मध्ये गद्य, मध्ये टोमणा, झीलकरी मागून सूर धरून आहेत तोवर शाहिराला श्वास घ्यायला सवड. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. म्हणजे तासाचा ऐवज तीन मिनिटांत बसवायचा. आपल्या डबलबारीतल्या बुवांना विचारा, रूपाचा अभंग, गौळण आणि गजर मिळून जो रंग चढायला दीड तास लागतो, तो तीन मिनिटांत आण म्हटलं तर काय होईल. बहुतेक जण घाईघाईनं सगळं म्हणून टाकतील. साबळ्यांनी तसं केलं नाही. त्यांनी गाण्यातली एकच अवस्था निवडली आणि पहिल्या ओळीलाच ती पूर्ण उभी केली. त्यांची एकनाथांच्या भारुडाची ध्वनिमुद्रिका, विंचवाची, आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. त्यात सुरुवातीलाच जो कळवळा आहे तो ऐकून आधी हसू येतं. घरात खरंच कोणाला विंचू डसलाय आणि शेजारीपाजारी धावलेत, असं वाटतं. मग हळूच कळतं की हा विंचू अंगणातला नाही, मनातला आहे. हसण्यापासून अंतर्मुख होण्यापर्यंतचं अंतर तीन मिनिटांत, आणि कुठंही उपदेशाचा सूर न लावता. एकनाथ महाराजांना जे साधायचं होतं ते बहुधा असंच साधायचं होतं. हे गळ्याचं काम नाही, हे हिशेबाचं काम आहे, आणि हा हिशेब ते गर्दीसमोर उभं राहून शिकले.

त्यांच्या आवाजाला सगळे 'पहाडी' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्यानं अर्धीच गोष्ट कळते. लाउडस्पीकर नसताना किंवा असून बिघडलेला असताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर गळा उघडा लागतो, हे खरं. पण ओरडणारे पुष्कळ असतात. साबळ्यांच्या गाण्यात शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलेलं सापडत नाही. 'त्र' म्हणजे 'त्र', 'ष्ट' म्हणजे 'ष्ट'. उंच पट्टीतही व्यंजनं स्वच्छ राहतात. आपल्याकडे दशावतारातला संकासुर आणि राजा दोघंही हे जाणतात. जत्रेच्या गर्दीत, नारळ-खाज्याच्या दुकानांच्या गोंगाटात, संवाद ऐकू गेला नाही तर नाटकच संपलं.

आणि म्हणूनच 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतासाठी हा आवाज निवडला जाणं मला फार मोठी गोष्ट वाटते. शब्द नागपूरच्या राजा बढे यांचे. चाल श्रीनिवास खळे यांची. खळेकाका म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? हळुवार भावगीत, अवघड वळणं, एकेका स्वराला कुरवाळणारी चाल. त्या माणसानं मर्दानी गीताची चाल बांधली आणि ती गायला एक शाहीर घेतला. खळ्यांच्या चालीत एक घडीव शिस्त असते; शाहिराला मोकळं सुटायची सवय. या ध्वनिमुद्रिकेत दोन्ही एकत्र ऐकू येतात. चाल एका पावलानंही बाहेर जात नाही आणि आवाज कुठंही दबलेला वाटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्या गिरणगावानं मोर्चे काढले, गोळ्या झेलल्या, त्या गिरणगावाला १ मे १९६० चं राज्य मिळालं, आणि त्या राज्याला त्याच गिरणगावानं मोठा केलेला आवाज मिळाला. पुढं २०२३ साली शासनानं हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलं. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवसापासून ते लागू झालं. साबळ्यांचं ते जन्मशताब्दीचं वर्ष होतं. २० मार्च २०१५ रोजी ते गेले होते, त्यांना ते पाहायला मिळालं नाही.

गाण्यानं नाव झालं तरी साबळे तिथं थांबले नाहीत. मला स्वतःला त्यांचं सगळ्यात धाडसी काम वाटतं ते मुक्तनाट्यांचं. तमाशाचा सांगाडा घ्यायचा, म्हणजे गण, बतावणी, वग, आणि त्यात आजचा विषय भरायचा. शृंगाराच्या लावणीवर मदार ठेवायची नाही. आईबहिणींना घेऊन माणूस आला पाहिजे. 'यमराज्यात एक रात्र', 'इंद्राच्या दरबारात तमासगीर', 'असुनी खास मालक घरचा', 'कोयना स्वयंवर', ही नावंच पाहा. पुराणातली जागा आणि आजची तक्रार. यमाच्या दरबारात मंत्र्यांची झाडाझडती! आपल्याला हे नवं वाटत नाही, कारण दशावतारी नट देवाच्या तोंडून गावच्या सरपंचाला कोपरखळी मारतच आला आहे. साबळ्यांच्या पार्टीत अनेक वर्षं गाजलेले राजा मयेकर हे दशावतारी नाटकांच्या तालमीतून आलेले नट. पसरणीचा शाहीर आणि दशावतारी अंगाचा नट एका रंगमंचावर आले, तेव्हा घाट आणि कोकण यांची जी भेट झाली ती कोणत्याही परिषदेत होणारी नव्हती.

१९६६ साली शिवसेना स्थापन झाली, त्याच सुमारास 'आंधळं दळतंय' आलं. मुंबईत मराठी माणूस राबतो आणि पीठ दुसराच खातो, ही सल त्यात होती. त्या नाटकाचा राजकारणावर काय परिणाम झाला यावर बरंच लिहून आलं आहे. मला एवढंच नोंदवायचं आहे की ही सल साबळ्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. ज्यांच्यासमोर ते रोज गात होते त्यांच्या तोंडची ती भाषा होती.

फिरत्या नाट्यगृहाचाही त्यांनी प्रयोग केला. नाट्यगृह नसलेल्या गावांपर्यंत रंगमंच घेऊन जायचा, ही कल्पना. शहरातल्या नाटकवाल्यांना ती अजब वाटली असेल. आपल्या दशावतारी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय केलं? पेटारा, पेटी, मृदंग, झांज, एक बाकडं, आणि कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की आज या देवळात, उद्या त्या देवळात. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण आपल्याच मातीतली. ज्या नटानं रात्रभर सिंहासनावर बसून तलवार फिरवली, त्यानंच पहाटे रंग पुसून पेटारा डोक्यावर घेतला आणि पुढच्या गावाची वाट धरली. साबळ्यांचं थिएटर आणि आपला पेटारा यांतला फरक खर्चाचा आहे. पेटारा टिकला, कारण त्याला तंबू लागत नव्हता. देऊळ होतं, मानकरी होते, जत्रेचा नेम होता. कलावंत कितीही मोठा असला तरी गावानं दिलेला आसरा तो एकट्याच्या हिमतीवर विकत घेऊ शकत नाही.

'महाराष्ट्राची लोकधारा' हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम. वासुदेव, गोंधळ, वाघ्या-मुरळी, कोळीगीत, धनगरी गजा, लावणी, भारूड, सगळं एका संध्याकाळी. या कार्यक्रमाबद्दल माझं मत पूर्ण स्तुतीचं नाही, आणि ते इथं सांगितलं पाहिजे. गोंधळ हा लग्नानंतर घरी घालायचा विधी आहे. त्याला रात्र लागते, दिवटी लागते, पाहुणे पेंगायला लागेपर्यंत तो चालतो. रंगमंचावर त्याला आठ मिनिटं मिळतात आणि रंगीत प्रकाश मिळतो. विधी गेला आणि नाच उरला, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पण दुसरी बाजू अशी की सत्तर-ऐंशीच्या दशकात चाळीतल्या मुलांनी दिवटी पाहिलीच नव्हती. त्यांच्या वाट्याला ती आठ मिनिटंच यायची होती, नाहीतर काहीच नाही. आणि त्या आठ मिनिटांनी काय केलं ते पाहा. लोकधारेच्या मागच्या रांगेत नाचणाऱ्या पोरांत भरत जाधव होते, अंकुश चौधरी होते, शाहिरांचे नातू केदार शिंदे होते. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर पुढं या पोरांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आला तेव्हा दिग्दर्शक केदार शिंदे होते आणि साबळ्यांच्या भूमिकेत अंकुश चौधरी. कोरसमधला मुलगा शाहीर होऊन उभा राहिला. झीलकऱ्याला पुढं यायला जागा देणारा शाहीर फार थोडा सापडतो.

मात्र ही शिडी सगळ्यांसाठी सारखी नव्हती. साबळ्यांच्या पहिल्या पत्नी भानुमतीबाई कवयित्री होत्या. त्यांचे शब्द साबळ्यांनी गायले. गाणं ऐकताना किती जणांना त्यांचं नाव आठवतं? आणि विठाबाई नारायणगावकर यांचं काय? १९३५ चा जन्म, घराणंच तमाशाचं, १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं. गळा, नाच, अदा, कशातच त्या कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पोट वाढलेलं असताना फडावर उभं राहून, आत जाऊन बाळंत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्याची त्यांची हकिकत अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि आपण ती टाळ्या वाजवून सांगतो. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नाही. बाळंतिणीला प्रेक्षकांसमोर यावं लागलं, ही आपल्या समाजाची शरमेची गोष्ट आहे. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या त्या हलाखीत. मराठा घरातला पुरुष शाहीर झाला तर त्याला चळवळीनं प्रतिष्ठा दिली. मांग समाजातली बाई तमाशात गायली तर तिच्या वाट्याला पदक आलं, प्रतिष्ठा आली नाही. साबळ्यांना १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या कष्टांची होती, त्याबद्दल दुमत नाही. पण गरिबीतून वर येण्याची गोष्ट सांगताना वर न येऊ दिलेल्यांची गोष्ट तिथंच बाजूला बसलेली असते. तिला उठवून बाहेर काढता येत नाही.

आता पुन्हा गिरणगावाकडे, १९८२ कडे वळतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मिटला नाही. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, जागेवर मनोरे उभे राहिले. त्याचं आर्थिक दुःख आपल्या घरांनी सोसलं, मनीऑर्डर थांबली तेव्हा चुली कशा चालल्या ते इथल्या आयांना विचारा. पण गाण्याचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. परळ-लालबागच्या चाळींतून उठून जाणारा माणूस स्वतःबरोबर एक श्रोता घेऊन गेला. परळच्या दामोदर हॉलमध्ये चाकरमान्यांनी भरलेली जी नाटकं चालायची, नमन, खेळे, दशावतार, त्यांचा तो हक्काचा प्रेक्षक होता. मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' १९८० ला आलं आणि मालवणी बोली पंचतारांकित रसिकांपर्यंत पोचली, त्याच्याही मुळाशी हाच प्रेक्षक. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं ते नाटक गावच्या नाटकाची तालीम पाहिलेल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्याला कळत नाही. ते कान विखुरले. विरार, नालासोपारा, दिवा, आणि काही परत इथं, भातशेतीवर.

आज मोबाईलवर आपल्या बुवांच्या बाऱ्या लाखो लोक पाहतात. हे मला आनंदाचं वाटतं. मी त्यात खोट काढायला उभा नाही. जत्रेतलं नाटक दुबईतला आपला मुलगा रात्री थेट पाहतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण मोबाईलवर पाहणारा माणूस बुवांना परीक्षेला बसवत नाही. डबलबारीत समोरचा बुवा अडवतो, कोडं टाकतो, आणि मंडपातला म्हातारा 'वा बुवा' म्हणतो किंवा मुद्दाम तंबाखू मळायला खाली मान घालतो. त्या खाली घातलेल्या मानेनं किती बुवा घडवले! गिरणगावानं साबळ्यांना तेच दिलं होतं. पैसे कमी दिले असतील, दाद खरी दिली.

आपल्या तालुक्यातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, हे सगळं त्यांनी जपलं. गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं संदेश पाठवले. पोथीतली चित्रं पुढं धरून, वीणा आणि हुडुक वाजवत सांगितलेली रामायणातली कथा आपल्यापैकी किती जणांनी शेवटपर्यंत बसून ऐकली आहे, हे ज्यानं त्यानं आपल्याशी मोजावं. मी मोजलं आणि या वर्षी पिंगुळीला जायचं ठरवलं आहे. कोणाला यायचं असेल तर कार्यक्रमानंतर भेटा, एक गाडी करू.

शेवटी एक काम सांगायचं आहे आणि ते या सभागृहातच सुरू होऊ शकतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघर टेपरेकॉर्डर आले. चाकरमानी मे महिन्यात येताना कोऱ्या कॅसेटी आणायचे आणि जत्रेतलं नाटक, देवळातली बारी, गणपतीतलं भजन भरून न्यायचे. त्या कॅसेटी अजून माळ्यावर, ट्रंकेत आहेत. कोकणातल्या पावसानं त्यांना बुरशी धरते आहे. आणखी दोन-तीन पावसाळ्यांत फीत उलगडणार नाही. साबळ्यांच्या तबकड्या कंपनीच्या तिजोरीत सुरक्षित राहिल्या. आपल्या बुवांच्या मागे कुठलीच कंपनी नव्हती, फक्त तुमची ट्रंक होती. दारापाशी टेबल ठेवलं आहे, आपल्या गावची दोन मुलं तिथं बसली आहेत. कॅसेट द्या, ती संगणकावर उतरवून मूळ कॅसेट तुम्हाला परत मिळेल. देताना कागदावर बुवांचं नाव लिहाल तेव्हा पखवाज कोणाचा, पेटी कोणाची, झांजेवर कोण आणि कोरसला कोण होतं तेही आठवून लिहा, बारी कुठल्या गावच्या कुठल्या देवळात झाली ते लिहा, आणि आठवत नसेल तर घरातल्या म्हातारीला विचारून उद्या आणून द्या.